दुसरी किल्ली

काका लिफ्टमध्ये पाय ठेवत नसत. थोरला भाऊ पाचव्या मजल्यावर राहतो म्हणून सव्वीस वर्षं ते एकशे दहा पायऱ्या चढून येत होते, आणि दारात पोचल्यावर पहिली पाच मिनिटं त्यांच्या तोंडून शब्द फुटत नसे. घरात आता त्याचं कुणाला नवल उरलं नव्हतं. बेल वाजली की आई आधी पाण्याचा पेला भरायची आणि मग दार उघडायची.

त्या रविवारी दुपारी मात्र काका धापा टाकतच बोलायला लागले.

"जमलं," ते म्हणाले. "दादा, जमलं. घर आपलं झालंच समज."

"आधी बस," बाबा म्हणाले. "घर कुठे पळून जात नाही."

खरं तर घर पळूनच चाललं होतं. वीस दिवसांपूर्वी घरमालकाचं पत्र आलं होतं. इमारत विकायची ठरली होती. जुन्या भाडेकरूंना आपापली जागा विकत घेण्याचा पहिला हक्क होता, किंमत ठरलेली होती आणि सोमवारपर्यंत कळवायचं होतं. नाही म्हणालात तर तीन महिन्यांत जागा रिकामी. अठ्ठेचाळीस वर्षं या तीन खोल्यांचं भाडं बाबांच्या नावानं जात होतं, त्यामुळे पत्रही बाबांच्या नावानं आलं होतं. तेव्हापासून घरात दुसरा विषय नव्हता. बाबांच्या मुलानं, घरातल्या धाकट्यानं, आज आपल्या लेकीला तिच्या मैत्रिणीकडे धाडून दिलं होतं, म्हणजे आज काहीतरी ठरणार होतं.

त्याची थोरली बहीण, ताई, नुकतीच सकाळची पाळी संपवून आली होती. रुग्णालयाच्या धुलाईघरात तिला सव्वीस वर्षं झाली होती आणि कितीही साबण लावला तरी हातांचा ब्लीचचा वास जात नव्हता. ती टेबलाच्या टोकाला बसली. ती तिची नेहमीची जागा, स्वयंपाकघराला जवळ.

काकांनी पिशवीतून फाईल काढली. लिफ्टदुरुस्तीचं काम सुटल्यावर ते घरं दाखवायच्या धंद्यात पडले होते आणि या शहरातल्या निम्म्या भिंती त्यांना तोंडपाठ होत्या. त्यांनी एक कागद टेबलाच्या मधोमध ठेवला. वर त्यांच्या गोलसर अक्षरात मथळा होता: सुखाने राहण्यासाठी लागणारे उत्पन्न.

"मथळा छान दिलाय काका," धाकट्याची बायको म्हणाली. ती दातांच्या प्रयोगशाळेत कवळ्या बनवायची. बारीक गोष्ट तिच्या नजरेतून सुटत नसे. "सुख किती लिहिलंय?"

"एक लाख बत्तीस हजार. महिन्याला." काकांनी आकड्यावर बोट ठेवलं. "बँक म्हणते, हप्ता भरून हातात दोन तृतीयांश पगार उरला पाहिजे. नाहीतर कर्ज नाही. बँकेचंही बरोबर आहे म्हणा. हप्त्यातच सगळा जीव गेला तर माणसानं खायचं काय, दारं-खिडक्या? आता बघा. धाकट्याचे एकसष्ट. सूनबाईंचे सत्तावीस. झाले अठ्ठ्याऐंशी. इथे मी आठ दिवस अडलो होतो. डोकं फुटायची वेळ आली. मग म्हटलं, अरे, घरात तिसरा पगार आहे की. ताईचे चव्वेचाळीस. कर बेरीज."

"एकशे बत्तीस," धाकटा हळूच म्हणाला.

"तंतोतंत. जणू मोजूनमापून ठेवल्यासारखे. वरची एक दमडी नाही, खालची एक दमडी नाही." काकांचा चेहरा फुलला होता. "अर्ज भरून आणलाय. तिघांची नावं, तिघांच्या सह्या. उद्या सकाळी दहाला मी बँकेच्या दारात."

ताईनं अर्ज ओढून घेतला. तिसऱ्या ओळीत तिचं नाव होतं, जन्मतारीख होती, नोकरीचं ठिकाण होतं, आणि मागे तिच्या पगाराची चिठ्ठी टाचणीनं लावलेली होती. चिठ्ठी तिच्या कपाटातल्या खणात असायची. तिनं मान वर केली.

"मी दिली," आई म्हणाली. "परवा आले होते ते, तू कामावर होतीस. घरचेच कागद ना."

आईच्या बोलण्यात लपवाछपवी नव्हती, आणि ताईला तेच लागलं. बाबांचा पाय गेला त्या वर्षी ती एकवीस वर्षांची होती. शिक्षण अर्धं टाकून धुलाईघरात लागली तेव्हापासून तिच्या पगाराला या घरात घरचा पगार म्हणत. धाकट्याचा तो धाकट्याचा पगार, सुनेचा तो सुनेचा. ताईचा मात्र घरचा. प्रेमानंच म्हणत. घरच्या पगाराला कुणी विचारायचं असतं, हे कुणाच्या डोक्यातच येत नसे.

"ताईंना विचारलंय का कुणी?" धाकट्याची बायको म्हणाली.

"आता विचारतोय की," धाकटा म्हणाला. "ताई काय नाही म्हणणार आहे? तीही इथेच राहणार ना. बाबांना या पायानं घेऊन कुठे जायचं? अठ्ठ्याऐंशी हजारात काय मिळतं ते काकांना विचार. शेवटच्या थांब्यापलीकडे दोन खोल्या. कामावर जायलाच दीड तास. गळती कळल्यावर अर्ध्या तासात हजर व्हायचं असतं मला, नाहीतर रस्ता वाहून जातो."

तो पाणीपुरवठ्यात होता. जमिनीला नळी लावून खालची पाण्याची गळती कानानं हुडकायचा. कुठला पाइप कुठे पाझरतोय ते त्याला रस्त्यावरून कळायचं. बहिणीच्या मनाला मात्र त्यानं कधी नळी लावली नव्हती.

काकांनी पेन पुढे केलं. ताईनं ते घेतलं नाही.

"या अर्जावर नाव घातलं," ती म्हणाली, "की माझं एका ठिकाणचं नाव कटतं."

"कुठलं नाव?"

"गृहसंघाच्या यादीतलं."

टेबलाभोवती कुणाला पटकन अर्थ लागला नाही. लागला फक्त काकांना, कारण त्यांचा धंदाच तो. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"कामगारांच्या गृहसंघाची यादी?" त्यांनी विचारलं. "तुझं नाव आहे त्यात? कितवं?"

"चौथं."

"चौथं म्हणजे," काका म्हणाले, "वर्षाच्या आत चावी मिळते, पोरी."

ताईनं मग सांगून टाकलं. इतकी वर्षं दाबून ठेवलेली गोष्ट सांगायला चार-पाच वाक्यं पुरली, याचं तिचं तिलाच आश्चर्य वाटलं. एकवीस वर्षांपूर्वी धुलाईघराच्या फळ्यावर सूचना लागली होती. ज्याच्या नावावर घर नाही, कुठल्या घराच्या कागदावर सही नाही, आणि ज्याचा पगार ठरावीक रेषेच्या खाली आहे, त्याला एक खोली, कोपऱ्यात ओटा, न्हाणीघर. महिना नऊ हजार, जन्मभर. तेव्हा तिचा नंबर सहाशे अकरा होता. दरवर्षी एक कार्ड यायचं, रुग्णालयाच्या पत्त्यावर. ते ती कामावरच्या कपाटात, आरशाच्या मागे ठेवायची. पाचशे नव्वद. चारशे बारा. एका वर्षी नुसते दोन नंबर सरकले, तेव्हा ती चादरींच्या गाड्यामागे उभी राहून रडली होती.

"रेषा कितीची आहे?" धाकट्याच्या बायकोनं विचारलं.

"सध्या पंचेचाळीस."

"म्हणून." धाकट्याची बायको खुर्चीत मागे टेकली. "म्हणून तुम्ही धुलाईघराची मुख्य व्हायला दोनदा नाही म्हणालात."

धाकट्याला ते दोन्ही प्रसंग आठवत होते. दुसऱ्या वेळी तर त्यानं सगळ्यांदेखत बहिणीची खिल्ली उडवली होती. चादरींच्या घड्या घालता घालता तुझीच घडी झाली, म्हणाला होता. सगळे हसले होते, ताईसुद्धा. आता त्याचे कान लाल झाले. पण शरम वाटली की त्याला राग यायचा, लहानपणापासूनची खोड.

"म्हणजे आठ हजार जास्त मिळत होते ते तू सोडलेस," तो म्हणाला. "महिन्याला आठ हजार. बाबांचा नकली पाय बदलायला आपण तीन वर्षं थांबलो, तेव्हा ते आठ हजार कुठे होते ताई?"

"असं बोलू नये," त्याची बायको म्हणाली.

"का नाही बोलायचं? तू तिच्या बाजूनं का बोलतेयस? घर गेलं तर तुझंही जातंय."

"माझंही जातंय, माहीत आहे मला. मी लग्न होऊन आले तेव्हापासून या घरात एक दार आतून लावून बसायला मिळालेलं नाही. मी यादीत नाव घातलं नाही, कारण मला यादी माहीत नव्हती. माहीत असती तर घातलं असतं."

धाकटा बायकोकडे बघतच राहिला. दातांच्या साच्यांवर वाकून बसणारी ही बाई असं काही बोलेल, हे त्याच्या स्वप्नातही नव्हतं.

आई इतका वेळ बशीच्या कडेवरून बोट फिरवत होती. ती बोलली तेव्हा पैशांबद्दल बोललीच नाही.

"एकवीस वर्षं तुला इथून जायचं होतं?"

ताईला याचीच भीती होती. आकड्यांना तिच्याकडे उत्तरं होती. पायाच्या गोष्टीलाही होतं, कारण त्या तीन वर्षांत ती रोज रात्री स्वतःला तेच विचारत आली होती.

"जायचं नव्हतं आई," ती म्हणाली. "जाता येतंय, एवढं हवं होतं."

"मी तुला कधी काही कमी केलं का?"

"नाही."

"मग?"

आईनं डोळ्यांना पदर लावला नाही, उठूनही गेली नाही. ती तशीच बसून राहिली, आणि ते बघणं जास्त कठीण होतं.

काकांना शांतता सोसवत नसे. "हे बघा," ते म्हणाले, "एक मार्ग आहे. ताईनं आत्ता सही करायची. घर हातात येऊ दे. मग मी संघाच्या कचेरीत जातो. माझी ओळख आहे तिथे. त्यांना कळायच्या आत मी सगळं निस्तरतो. तुम्ही माझ्यावर सोडा. मी तुमच्या वाईटावर आहे का? घरातलाच माणूस आहे मी."

"घरातलाच आहेस," बाबा म्हणाले. "तीच तर गोची आहे."

बाबा कमी बोलत, त्यामुळे ते बोलले की सगळे थांबत. त्यांनी टेबलाला धरून स्वतःला उभं केलं, नकली पायाचा खट्ट आवाज झाला, आणि ते कपाटाशी गेले. वरच्या फळीवरून त्यांनी एक पितळी कुलूप काढलं. कुलपाला पत्र्याचा बिल्ला होता, त्यावर त्यांचा कामाचा नंबर. हे कुलूप घरात सगळ्यांनी पाहिलेलं होतं, पण त्याला हात कुणी लावत नसे. ते त्यांनी काकांच्या कागदावर, मथळ्याच्या बरोबर वर ठेवलं.

"दादा, ते कशाला," काका म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला होता.

"दुरुस्तीसाठी लिफ्टच्या खड्ड्यात उतरायच्या आधी मुख्य बटण बंद करायचं आणि त्यावर आपलं कुलूप लावायचं," बाबा सुनेकडे बघून म्हणाले, कारण तिला एकटीलाच हे माहीत नसण्याची शक्यता होती. "किल्ली एकच. ती आपल्या खिशात. ज्याचं कुलूप त्यानंच काढायचं. वर माणसं खोळंबली असोत, साहेब ओरडत असो, दुसऱ्यानं हात लावायचा नाही. त्या दिवशी मी खड्ड्यात होतो आणि यानं माझं कुलूप काढलं. मी वर चहाला गेलोय असं त्याला वाटलं. एक म्हातारी जिन्यात बसली होती, तिला वर पोचवायचं होतं. यानं चांगल्या मनानंच काढलं."

"दादा, पुरे."

"पुरे कसं? किल्ली एकच असते तर यानं काढलं कशानं, हे सव्वीस वर्षांत कुणी मला विचारलं नाही."

ताईला उत्तर माहीत होतं. चौकशीत काकांनी कबूल केलं होतं, किल्ली आपण चोरून बनवून घेतली. त्यावरून त्यांची नोकरी गेली. तिनं तेव्हा कित्येक महिने काकांशी अबोला धरला होता.

"चोरून बनवलेली नव्हती," बाबा म्हणाले. "दुसरी किल्ली मी दिली होती. मी स्वतः. पाठचा भाऊ, घरातलाच, असू दे त्याच्याकडे एक, म्हणून. नियम मी मोडला होता. हे चौकशीत आलं असतं तर भरपाईचा एक छदाम मिळाला नसता. यानं स्वतःच्या अंगावर घेतलं, नोकरी घालवली, आणि मी गप्प बसलो. तुम्ही सगळ्यांनी याला नावं ठेवलीत, तेव्हाही बसलो."

काका दोन्ही हात मांडीवर ठेवून खाली बघत होते. बाहेर लिफ्ट वर येत होती. ती पाचव्यावर न थांबता पुढे गेली, आणि बाबांनी सवयीनं कान टवकारून ती सातव्यावर थांबल्याचं ऐकून घेतलं.

"चूक तुझी नव्हती," ते भावाला म्हणाले. "मला हे आधीच म्हणायला हवं होतं. फार आधी."

काकांनी मान हलवली. होकारार्थी की नकारार्थी, ते कळलं नाही.

मग बाबांनी ताईकडे पाहिलं. "यादीतलं नाव तुझं आहे. किल्ली तुझ्या खिशात आहे. काढायचं असेल तर तू काढ, मी अडवणार नाही. पण हा म्हणतो म्हणून नको, धाकटा चिडलाय म्हणून नको, आणि माझा पाय बघून तर अजिबात नको."

सगळे तिच्याकडे बघत होते. असं आजवर झालं नव्हतं. ताईच्या मनात आलं, सही केली तर पाच मिनिटांत चहा होईल, धाकटा विनोद करेल, आई पूर्वीसारखी होईल. एका ओळीची सही. बाबा याच खिडकीत बसून लिफ्टचे आवाज ऐकत राहतील. आणि रुग्णालयात आरशामागचं कार्ड तिला फाडून टाकावं लागेल, किंवा फाडवणार नाही म्हणून ते तिथेच राहील, ती निवृत्त होईपर्यंत. तिला रडू येत होतं, पण तिनं ते येऊ दिलं नाही.

"मी सही करणार नाही," ती म्हणाली. "मला वाईट वाटतंय. पण करणार नाही."

तिनं अर्जाची टाचणी काढली आणि काकांचा अर्ज त्यांच्याकडे सरकवला. पगाराची चिठ्ठी टेबलावरच राहिली.

धाकटा उठून खिडकीशी गेला. "शेवटच्या थांब्यापलीकडे," तो काचेला म्हणाला, "तळमजला मिळतो का बघा काका. बाबांना जिना नको."

"मिळेल," काका म्हणाले. "तळमजले कुणालाच नको असतात. ते स्वस्त पडतात."

बाबांनी घरमालकाचं पत्र मागितलं. मागच्या बाजूला दोन चौकोन छापलेले होते, घेणार आणि नाही. त्यांनी दुसऱ्यात खूण केली आणि खाली सही केली. त्यांची सही नेहमीच सावकाश व्हायची, आज आणखी वेळ लागला. अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वी आईला घेऊन ते या घरात आले, तेव्हा दोन ट्रंका आणि एक स्टोव्ह होता. ही आठवण त्यांनी कुणाला बोलून दाखवली नाही. ताईला ती आईच्या चेहऱ्यावर दिसली.

काका जायला निघाले तेव्हा बाबा काठी घेऊन त्यांच्याबरोबर बाहेर गेले. जिन्याच्या दाराशी दोघं भाऊ काही वेळ उभे होते. मग लिफ्टचं दार सरकल्याचा आवाज आला, बाबांचा आवाज आला, "मी आहे बरोबर, चल," आणि लिफ्ट खाली गेली. पाच मजले उतरायला तिला जेवढा वेळ लागतो तेवढाच लागला.

आई कप गोळा करत होती. ताई मदतीला उठली, तेव्हा आईनं तिच्या हातातून बशी काढून घेतली. रागानं नाही, पण घेतली. दोघी ओट्याशी उभ्या राहिल्या, नळ चालू होता.

"केवढी खोली आहे?" आईनं विचारलं.

"लहानच. मी नकाशा पाहिलाय. प्रत्यक्ष नाही पाहिली."

"एकटीला भीती नाही वाटणार?"

"वाटेल सुरुवातीला."

आईनं एक कप दोनदा विसळला. मग पदराला हात पुसून ती टेबलाशी गेली, पगाराची चिठ्ठी उचलली, टाचणीनं पडलेल्या भोकांवरून अंगठा फिरवला आणि ती ताईच्या हातात दिली.

"दाराला किल्ल्या किती देतात तिथे?"

"दोन."

ताईनं पुढचं वाक्य मनात तयार करून ठेवलं होतं. एक तुझ्याकडे राहू दे, असं ती म्हणणार होती, आणि मनापासून म्हणणार होती.

"दुसरीही तुझ्याकडेच ठेव," आई म्हणाली. "मी आले की बेल वाजवीन."